कुस्तीच्या मल्लाने एमएमएत उतरताना: ठोसे आणि पकड यांची सांगड कशी घालावी

तालमीत वाढलेला मल्ल एमएमएकडे, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकड या सर्वांना मुभा असलेल्या मिश्र लढतीच्या खेळाकडे वळतो, तेव्हा त्याला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: पकड तुझ्याकडे आहेच, वर्षभर बॉक्सिंग शिकून घे म्हणजे झाले. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु सल्ला अपुरा आहे. ठोसे वेगळे आणि डाव वेगळे घोटवून घेतलेला मल्ल केजमध्ये, म्हणजे जाळीने वेढलेल्या आखाड्यात, एक तर ठोसे मारतो किंवा पट काढतो (पाय धरून खाली आणतो), आणि एकातून दुसऱ्यात जाताना क्षणभर उघडा पडतो. जाणकार प्रतिस्पर्धी त्याच क्षणाची वाट पाहत असतो. म्हणून या लेखात सुटा ठोसा कसा मारावा किंवा सुटा डाव कसा टाकावा यापेक्षा या दोहोंमधल्या सांध्यांवर भर दिला आहे. ठोशातून पटात शिरणे, उभ्या पकडीत मारणे व तिच्यातून सुटणे, वरच्या स्थितीतून मारणे आणि खालून उठणे हे ते सांधे होत. वाचकाने काही वर्षे नियमित कुस्ती केली आहे, मात्र ठोसे-लाथांचा खेळ त्याच्यासाठी नवा आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

आधी नियम, मग सराव

सरावाचा आराखडा नियमांवरून ठरतो, त्यामुळे पहिले काम नियमपुस्तिका वाचण्याचे आहे. अमेरिकेत 2000-01 च्या सुमारास न्यू जर्सी राज्यात आकाराला आलेले एकीकृत नियम आज बहुतेक व्यावसायिक स्पर्धांचा पाया आहेत. त्यांनुसार साधी लढत प्रत्येकी 5 मिनिटांच्या 3 फेऱ्यांची व विजेतेपदाची लढत 5 फेऱ्यांची असते आणि दोन फेऱ्यांमध्ये 1 मिनिट विश्रांती मिळते. आंतरराष्ट्रीय हौशी महासंघाच्या, म्हणजे इम्माफच्या नियमांत फेरी 3 मिनिटांची असते, कोपराचे प्रहार आणि डोक्यावर गुडघा मारणे वर्ज्य असते आणि टाच पिळून गुडघा मोडणारी हील हूक ही पकडही चालत नाही. ज्याला पहिली लढत हौशी गटात खेळायची आहे, त्याने पहिले वर्ष कोपराच्या सरावात घालवण्याचे कारण नाही.

कुस्तीगीराने नीट समजून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे गुण देण्याची पद्धत. फ्रीस्टाइल कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला की गुण लगेच फलकावर लागतात, आणि मातीत पाठ टेकली की लढतच संपते. एमएमएत पंच प्रथम परिणामकारक प्रहार आणि परिणामकारक पकड पाहतात. आक्रमकता व केजवरील वर्चस्व यांचा विचार त्या कसोटीवर दोघे समान ठरले तरच होतो. नुसते खाली आणले आणि पुढे ना प्रहार केला ना गळा आवळण्याची किंवा सांधा अडकवण्याची धमकी दिली, तर त्या पटाचे मोल फारसे राहत नाही. पट काढल्यावर समाधानाने थांबण्याची सवय म्हणूनच पहिल्या आठवड्यापासून मोडावी लागते.

मनाई असलेल्या गोष्टींपैकी तीन कुस्तीगीराच्या हातून नकळत घडतात. प्रतिस्पर्ध्याची चड्डी धरणे, त्याचा हातमोजा धरणे आणि केजच्या जाळीत बोटे अडकवणे या तिन्हींबद्दल ताकीद किंवा गुणकपात होऊ शकते. मातीतल्या कुस्तीत लंगोटाला हात घालण्याची सवय असलेल्या मल्लाला हे विशेष जड जाते. जमिनीवर टेकलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर गुडघा किंवा लाथ मारता येत नाही, मात्र 'टेकलेला' कोणाला म्हणायचे याची व्याख्या 2024 च्या अखेरीस बदलण्यात आली आणि केवळ हात टेकवला म्हणून संरक्षण मिळण्याची सोय तिच्यात उरली नाही. ही सुधारणा सर्व ठिकाणी सारखी लागू असेलच असे नाही. त्यासाठी लढतीपूर्वीच्या नियमबैठकीत हा प्रश्न पंचांना स्वतः विचारावा.

हातात काय आहे आणि काय मोडायचे आहे

जवळ असलेल्या डावांची छाननी कागदावर करावी, असे मी प्रत्येक मल्लाला आग्रहाने सांगेन. एकेरी पट (एक पाय धरून) आणि दुहेरी पट (दोन्ही पाय धरून) जवळजवळ जसेच्या तसे उपयोगी पडतात, फक्त त्यांत शिरण्याची रीत बदलते. दस्ती खेचून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा हात ओढून, पाठीमागे जाणे हा माझ्या मते कुस्तीतून एमएमएत येणारा सर्वांत मौल्यवान डाव आहे, कारण त्यात डोके खाली न घालता पाठ मिळते आणि पाठ मिळणे हे या खेळातले सर्वोत्तम स्थान आहे. आतली टांग (आतून पाय अडकवून पाडणे) उभ्या पकडीत उत्तम चालते. सवारीत, म्हणजे पालथ्या प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर, पाय गुंफून वर राहण्याची जी सवय असते, तिच्यात थोडा बदल केला की पाठीवरून गळा आवळण्याची पूर्वतयारी होते. उलट लंगोट धरून मारायचा घिस्सा येथे बाद आहे. धोबीपछाडीबाबत फार सावध राहावे लागते, कारण तो फसला तर आपण आपली पाठ प्रतिस्पर्ध्याच्या छातीला लावून बसतो. मातीत तेथून सावरता येते. केजमध्ये मात्र त्याचा हात गळ्याखाली शिरतो.

मुख्य विरोध मात्र एखाद्या डावापुरता नाही. कुस्तीगीराच्या शरीरात वर्षानुवर्षे एकच आज्ञा भिनलेली असते: पाठ जमिनीला लागू द्यायची नाही. संकट आले की तो पोटावर वळतो, हात-पाय आखडतो आणि पाठ आकाशाकडे करतो. एमएमएत याच कृतीची शिक्षा सर्वांत कठोर आहे, कारण पालथ्या मल्लाला ठोसे दिसत नाहीत, परतवता येत नाहीत आणि गळा उघडा राहतो. पाठीवर पडून प्रतिस्पर्ध्याकडे तोंड ठेवणे, दोन्ही पायांनी त्याला रोखणे आणि तेथून उठणे हे पालथे होण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असते. हे बुद्धीला एका दिवसात पटते, परंतु थकलेल्या शरीराला पटायला अनेक महिने लागतात, म्हणून त्याचा सराव सर्वांत आधी सुरू करावा.

उभे राहण्याची ठेवण

कुस्तीची ठेवण खाली वाकलेली, डोके पुढे आणि हात गुडघ्यांच्या आसपास अशी असते. बॉक्सरची ठेवण ताठ असते, हनुवटी आत आणि हात गालाजवळ असतात. एमएमएची ठेवण या दोहोंच्या मध्ये बसवावी लागते. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, गुडघे सैल, मागची टाच हलकी, हनुवटी छातीकडे, मागचा हात गालाशी आणि पुढचा हात थोडा पुढे ठेवावा. वाकायचे ते गुडघ्यांतून वाकावे. कमरेतून वाकलेल्या मल्लाचे डोके पायांच्या पुढे जाते आणि ते वर येणाऱ्या गुडघ्याच्या व अपरकटच्या (खालून वर मारलेल्या ठोशाच्या) वाटेत आयते सापडते.

कोणता पाय पुढे ठेवायचा हा निर्णय पहिल्याच महिन्यात घ्यावा. उजवा हात चालणारे अनेक मल्ल कुस्तीत उजवा पाय पुढे ठेवतात, तर बॉक्सिंगचे प्रशिक्षक त्यांना डावा पाय पुढे ठेवायला सांगतात, कारण जोरकस हात मागे हवा असतो. पट काढण्याची ताकद ज्या पायावर वर्षे घालवून कमावली आहे, तो पाय पुढेच ठेवून साउथपॉ (उजवा पाय पुढे ठेवून लढणारा) म्हणून शिकणे बहुतेकांना लवकर जमते, आणि मी तोच मार्ग सुचवेन. मात्र प्रशिक्षक आणि मल्ल यांनी एकत्र बसून एकच ठेवण नक्की करावी. ठोशासाठी एक पाय आणि पटासाठी दुसरा पाय पुढे आणणारा मल्ल पाय बदलताना आपला बेत उघड करतो.

पायांखालच्या जमिनीचाही विचार करावा. एमएमएत बूट नसतात. मॅटवर बूट घालून खेळणाऱ्या मल्लाचा पाय सुरुवातीला घसरतो, मातीतल्या पैलवानाला अनवाणीपणाची सवय असते. बूटवाल्याने पहिल्या दिवसापासून अनवाणी सराव करावा.

पहिला सांधा: ठोशातून पटात

6 जुलै 2019 रोजी लास व्हेगासमध्ये बेन आस्क्रेन आणि होर्हे मासविदाल यांची लढत झाली. आस्क्रेन हा 2008 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळलेला कुस्तीगीर होता. घंटा वाजताच तो पटासाठी झुकला, धावत आलेल्या मासविदालचा उडता गुडघा त्याच्या डोक्यावर बसला आणि लढत 5 सेकंदांत संपली. यात दुर्दैवाचा भाग असेलही, परंतु लांबून, ठोशाचा आडोसा न घेता झुकणे हा धोका प्रत्येक कुस्तीगीर पत्करत असतो. कुस्तीत खडाखडीच्या वेळी हाताला हात लागलेला असतो आणि पटाचे अंतर आपोआप मिळते. एमएमएत मधले दोन हात अंतर ठोसे आणि लाथांच्या माऱ्यातून कापावे लागते.

ते कसे कापावे याचा उत्तम नमुना म्हणजे कॅनडाचा जॉर्ज सेंट-पिएर. तो क्योकुशिन कराटेतून आला, शालेय कुस्ती कधी खेळला नाही, आणि तरीही त्याचा दुहेरी पट भल्याभल्या कुस्तीगीरांना परतवता आला नाही, कारण त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि त्याचा पट सुरुवातीला एकसारखेच दिसत. प्रतिस्पर्धी जॅब अडवायला हात वर करी, तर पट येई. पटाच्या भीतीने हात खाली करी, तर जॅब तोंडावर बसे. डिसेंबर 2010 मध्ये जॉश कॉश्चेक या नामांकित कुस्तीगीराविरुद्ध त्याने 5 फेऱ्या मुख्यतः जॅबवर जिंकल्या.

हा सांधा पुढील क्रमाने घोटवावा. आरशासमोर जॅब मारावा आणि जॅबचा हात पूर्ण लांबलेला असतानाच गुडघे वाकवून खाली जावे. हात आधी मागे घेतला आणि मग खाली गेलो, तर मधला क्षण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. हे सहज जमू लागल्यावर पॅड धरणाऱ्या जोडीदारासमोर तीच क्रिया करावी, आणि आपला मागचा हात गालावरून सुटला तर त्याने पॅडने हलका हुक, म्हणजे बाजूने वळवून ठोसा, मारावा. नंतर तीन शेवट आलटून पालटून घ्यावेत: जॅब आणि पट; जॅब, खाली जाण्याची हूल आणि ओव्हरहँड (मागच्या हाताचा वरून कोसळणारा ठोसा); जॅब, क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) आणि मग पट. दुसरा प्रकार कुस्तीगीराचे खरे हत्यार आहे. 6 ऑक्टोबर 2018 रोजी खबीब नुरमागोमेदोव्हने कॉनर मॅकग्रेगरला दुसऱ्या फेरीत ओव्हरहँडने खाली पाडले. मॅकग्रेगर हा नावाजलेला ठोसेबाज होता आणि खबीबचा ठोसा त्याच्याइतका सफाईदार कधीच नव्हता. पहिल्या फेरीत पटाचा धसका बसलेल्या माणसाचे लक्ष खाली गेले होते, म्हणून तो ठोसा बसला. शेवटी चौथ्या फेरीत खबीबने मान पिळून लढत संपवली.

पटात शिरल्यावर डोके कोठे असते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. दुहेरी पटात कान प्रतिस्पर्ध्याच्या बरगड्यांना चिकटलेला, नजर वर आणि पाठ सरळ हवी. एकेरी पटात कपाळ त्याच्या छातीच्या आतल्या बाजूला रेटलेले हवे. डोके खाली लोंबले आणि बगलेच्या बाजूला गेले की गिलोटीन, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळणारी पकड, बसते, आणि कुस्तीत ही पकड नसल्यामुळे तिची भीतीही शरीरात नसते. यूएफसी या अमेरिकेतील एमएमए संस्थेशी करारबद्ध झालेला भारतातील पहिला मल्ल भरत खंडारे कुस्तीच्या पार्श्वभूमीचा होता. 25 नोव्हेंबर 2017 रोजी शांघायमध्ये सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटीनमध्ये अडकवले. ही उणीव एकट्या खंडारेची नव्हती. जेथे गळा आवळणे शिकवलेच जात नाही, अशा तालमींतून येणाऱ्या प्रत्येकाला तिच्यावर काम करावे लागते.

गिलोटीन बसू लागल्यास पहिला हात आवळणाऱ्या मनगटावर गेला पाहिजे, दुसरा त्याच्या खांद्यावरून पाठीवर. हनुवटी आत खेचून, डोके ज्या बाजूला अडकले आहे त्याच्या विरुद्ध बाजूला शरीर न्यावे. खाली पडल्यावर त्याच्या पायांमध्ये अडकून राहणे सर्वांत वाईट, म्हणून तेथूनही त्याच विरुद्ध बाजूला पाय ओलांडून जावे. दर आठवड्याला किमान एकदा जोडीदाराने अर्धी आवळलेली गिलोटीन देऊन सराव सुरू करावा आणि पूर्ण आवळली जाण्याआधीच मॅटवर थाप मारण्याची सवय लावून घ्यावी. थाप मारणे तालमीत भित्रेपणाचे वाटते, पण येथे ती नसेल तर सराव पुढे चालूच शकत नाही.

दुसरा सांधा: उभी पकड आणि सुटका

उभी पकड कुस्तीगीराला घरासारखी वाटते आणि म्हणूनच तो तेथे बेसावध असतो. कुस्तीत मानेवर एक हात टाकून दुसरा मोकळा ठेवला तरी काही बिघडत नाही. एमएमएत ज्याचा हात मोकळा आहे, तो मारतो. पकडीत शिरताना दोन प्रश्नांची उत्तरे शरीराला माहीत हवीत: प्रतिस्पर्ध्याचा कोणता हात मोकळा आहे, आणि आपले डोके त्याच्या हनुवटीखाली आहे की त्याच्या समोर. डोके हनुवटीखाली रेटलेले आणि एक हात त्याच्या काखेतून वर गेलेला, ही सुरक्षित स्थिती होय. दुसऱ्या हाताने त्याचे मनगट किंवा दंड धरावा, आणि तो हात निष्क्रिय झाला की आपला हात सोडून आखूड ठोसे मारावेत. रँडी कुट्यूर या ग्रीको-रोमन शैलीच्या कुस्तीगीराने जाळीला रेटून असे आखूड ठोसे मारण्यावर मोठी कारकीर्द उभी केली.

ही स्थिती जाळीपाशी शिकणे आवश्यक आहे, कारण मोकळ्या मॅटवर पट परतवणारा प्रतिस्पर्धी जाळीला पाठ लावून वेगळेच बळ मिळवतो. तालमीत जाळी नसेल, तर गादी लावलेली भिंत पुरते. जाळीवर दुहेरी पट अडला, तर हात सोडून मागे येऊ नये. एका पायावर हात बांधून त्याला भिंतीपासून फिरवावे, किंवा आतली टांग लावावी, किंवा वर येऊन काखेतली पकड घ्यावी, आणि या तिन्हींमध्ये फिरत राहावे.

पकडीतून बाहेर पडणे हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण तो जवळजवळ कोणीच मुद्दाम शिकवत नाही. 7 जुलै 2018 रोजी डॅनियल कॉर्मिए या ऑलिंपिक कुस्तीगीराने स्टिपे मिओचिचला पहिल्या फेरीत बेशुद्ध केले, ते पकडीतून वेगळे होताना मारलेल्या उजव्या हाताने. दोघे सुटले की दोघांनाही हायसे वाटते आणि हात खाली येतात. ज्याने सुटण्याच्या क्षणी मारण्याची सवय केली आहे, तो तेथे जिंकतो. नियम सोपा ठेवावा: पकड सोडताना एक तर मारावे, नाही तर हात त्याच्या कपाळावर किंवा दंडावर रोवून, बाजूला पाऊल टाकून बाहेर पडावे. सरळ मागे कधीही जाऊ नये. जोडीदाराबरोबर 2 मिनिटांच्या फेऱ्या केवळ यासाठी खेळाव्यात, ज्यांत पकडीतून सुरुवात होते आणि सुटताना बसलेला हलका ठोसा हाच गुण धरला जातो.

प्रतिस्पर्ध्याचा पट परतवण्याची, म्हणजे कंबर मागे टाकून त्याच्यावर भार देण्याची, कला कुस्तीगीराकडे असतेच, आणि तिच्यामुळे त्याला निर्धास्तपणे ठोसे मारता येतात. चक लिडेल हा महाविद्यालयीन कुस्तीगीर होता, पण त्याने कुस्ती बहुतेक उभे राहण्यासाठीच वापरली. समोरचा ज्यू-जित्सूत (जमिनीवरच्या पकडींच्या खेळात) आपल्याहून सरस असेल, तर कुस्तीगीराने हाच मार्ग धरावा.

जमिनीवर: वरून आणि खालून

वर असताना कुस्तीगीर बळाने दाबून धरतो आणि तेथेच हात अडकवून बसतो. 3 डिसेंबर 2021 रोजी सिंगापूरमध्ये रितू फोगट आणि स्टॅम्प फेअरटेक्स यांच्यात वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या महिला ग्रांप्रीची अंतिम लढत झाली. स्टॅम्प मूळची मुए थाई या ठोसे-लाथांच्या खेळाची, रितू कुस्तीच्या घराण्यातली; जमिनीवर रितूचे पारडे जड राहील असाच बहुतेकांचा अंदाज होता. दुसऱ्या फेरीत स्टॅम्पने आर्मबार (कोपर उलटा ताणणारी पकड) लावून लढत जिंकली. ठोसेबाजाने खालून पकड शिकून घेतली की कुस्तीगीराची वरची बाजू आपोआप सुरक्षित राहत नाही, हे त्या लढतीत स्पष्ट झाले.

वर असताना पाळायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्या शिस्तीने पाळाव्यात. प्रतिस्पर्ध्याच्या पायांमध्ये असताना एक हात आत आणि एक बाहेर अशी स्थिती टिकू देऊ नये, कारण तेथून ट्रायँगल, म्हणजे पायांनी गळा आवळणारी पकड, बसतो. दोन्ही हात आत असावेत किंवा दोन्ही बाहेर. तळहात मॅटवर टेकवून भार देऊ नये. मारताना कंबर जड आणि पाठ सरळ ठेवून एका हाताने त्याचा दंड किंवा मनगट दाबावे आणि दुसऱ्याने मारावे. ठोसा चुकवायला त्याने हात वर नेले की कमरेपाशी जागा होते, तेव्हा पाय ओलांडून बाजूला जावे. हात खाली आले की पुन्हा मारावे. ठोशाने वाट उघडायची आणि त्या वाटेने पुढच्या स्थितीत जायचे, ही लय बसली की त्याला उठायला उसंत मिळत नाही. तो पालथा झाला तर घाईने गळ्यावर झडप घालू नये. आधी दोन्ही पाय आत गुंफून सवारी पक्की करावी, मग गळा.

खालून उठण्याचा सराव कुस्तीगीराला कंटाळवाणा वाटतो आणि त्याला त्याचीच गरज सर्वाधिक असते. पाठीवर असताना पुढचा हात प्रतिस्पर्ध्याच्या गळ्याशी आणि दुसरा त्याच्या कमरेशी रोवून अंतर निर्माण करावे, कंबर एका बाजूला सरकवून कुशीवर यावे, मग एक कोपर व नंतर तळहात टेकवून, पाय मागे ओढत उभे राहावे आणि या सर्व वेळी तोंड त्याच्याकडेच असावे. जाळी जवळ असेल, तर पाठ जाळीला टेकवून बसते व्हावे, त्याचा काखेत शिरणारा हात अडवावा आणि जाळीचा आधार घेत वर सरकावे. मानेवर तोललेला पूल मातीत उत्तम बचाव असतो. येथे तो उलटवण्यासाठी क्षणभर वापरावा, त्यात थांबून राहू नये, कारण पुलातल्या माणसाला तोंडावर येणारा ठोसा अडवता येत नाही.

यासाठी ब्राझिलियन ज्यू-जित्सूच्या जाणत्या शिक्षकाकडे किमान सहा महिने शिकावे. तेथे पट्टे कमावण्याचा हेतू ठेवू नये. गळा मागून आवळणे, गिलोटीन, आर्मबार, ट्रायँगल, किमुरा (खांदा पिळणारी पकड) आणि पायांच्या मूळ पकडी ओळखता येणे व त्यांतून वेळेवर सुटता येणे एवढे पहिल्या लढतीसाठी पुरे आहे.

आठवड्याची मांडणी

पहिले तीन महिने आठवड्यातून तीन दिवस बॉक्सिंग, दोन दिवस ज्यू-जित्सू आणि दोनच दिवस कुस्ती ठेवावी. कुस्ती कमी झाल्याची खंत वाटेल, पण ती विसरली जात नाही. लाथा या काळात परतवायला शिकाव्यात, मारायला नंतर. पोटरीवर बसणारी लाथ पुढच्या पायावर भार देणाऱ्या कुस्तीगीराला फार छळते, म्हणून गुडघा बाहेर वळवून ती अडवणे लवकर शिकावे. चौथ्या महिन्यापासून सुट्या वर्गांपैकी दोन कमी करून त्यांच्या जागी सांध्यांचे दोन वर्ग घ्यावेत: एक ठोशातून पटाचा व उभ्या पकडीचा, दुसरा जाळीपाशी आणि जमिनीवरून उठण्याचा. हे वर्ग ठरलेल्या स्थितीतून सुरू होणाऱ्या फेऱ्यांचे असावेत. मोकळे स्पारिंग (सरावाची लढत) केले की प्रत्येक जण आपल्या सवयीच्या भागात पळतो आणि सांधा कच्चाच राहतो.

जोर, बैठका, दोर चढणे आणि मल्लखांब यांनी कमावलेली ताकद पुरेशी असते. कमी असतो तो वेगळा दम. मातीतली कुस्ती दीर्घकाळ रेटारेटी मागते. एमएमएत स्फोटक हालचाल, लगेच विश्रांती, पुन्हा स्फोट असा क्रम असतो. म्हणून आठवड्यातून दोनदा लढतीच्याच वेळेच्या फेऱ्यांत, म्हणजे हौशीसाठी 3 मिनिटांच्या, पॅड, पट आणि उठणे यांची न थांबता साखळी करावी. हातमोजे घालून पकडीसाठी हात एकमेकांत बांधणे वेगळे असते आणि त्यात मनगटे लवकर भरून येतात. पकडीचा सरावही हातमोजे घालूनच करावा.

स्पारिंग, वजन आणि शरीराची काळजी

कुस्तीत रोज पूर्ण ताकदीने जोड खेळण्याची परंपरा आहे. डोक्यावर ठोसे बसणाऱ्या खेळात ती तशीच पाळणे घातक ठरते. पूर्ण जोराचे स्पारिंग पहिल्या चार महिन्यांत अजिबात करू नये, त्यानंतरही दोन आठवड्यांतून एकदा पुरे, आणि इतर सर्व फेऱ्यांत डोक्यावरचे ठोसे स्पर्शापुरते ठेवावेत. ठोसा बसल्यानंतर डोके दुखणे, मळमळणे, प्रकाश सहन न होणे किंवा नुकतेच घडलेले न आठवणे यांपैकी काहीही झाले, तर सराव त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत कोणताही ठोसा खाऊ नये. दात-संरक्षक दंतवैद्याकडून मापाने करून घ्यावा, तयार मिळणारा फेरीच्या मध्यात निसटतो. मॅटवरून नायटा आणि पुवाचे फोड झपाट्याने पसरतात. सरावानंतर लगेच आंघोळ, कपडे रोज धुणे आणि अंगावर चट्टा दिसल्यास मॅटवर न येणे हा सर्वांसाठी नियम असावा.

मातीतल्या पैलवानाला वजन असणे मानाचे वाटते. एमएमएत वजनी गट ठरलेले आहेत: 56.7, 61.2, 65.8, 70.3, 77.1, 83.9, 93 आणि 120.2 किलो या पुरुषांच्या प्रचलित मर्यादा आहेत. गट निवडताना आहार सुधारून काही महिन्यांत जिथे सावकाश पोचता येईल तोच निवडावा. अखेरच्या दिवसांत पाणी तोडून आणि घाम काढून वजन उतरवण्याच्या प्रथेने जीवही घेतला आहे. डिसेंबर 2015 मध्ये मनिला येथे यांग जियान बिंग या 21 वर्षांच्या चिनी मल्लाचा लढतीआधी वजन उतरवताना मृत्यू झाला आणि त्यानंतर वन चॅम्पियनशिपने शरीरातील पाण्याच्या प्रमाणाची चाचणी सुरू केली. पहिल्या हौशी लढतीसाठी तर पाणी तोडणे कोणत्याही वस्तादाने करू देऊ नये.

पहिली लढत

सरासरी क्षमतेच्या मल्लाने एक वर्ष तयारीला द्यावे आणि हौशी गटातच सुरुवात करावी. मुंबईत 2019 मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिक्स फाइट नाइटसारख्या व्यासपीठांमुळे आता भारतातच व्यावसायिक वाट उपलब्ध आहे, पण तेथे पोचण्याआधी हौशी लढतींचा अनुभव गाठीशी हवा. लढतीसाठी बेत छोटा ठेवावा: पहिल्या मिनिटात फक्त जॅब आणि हूल, प्रतिस्पर्धी हूलीला कसा उत्तर देतो ते पाहणे, आणि मगच पहिला खरा पट. तो हूलीवर हात खाली करत असेल, तर ओव्हरहँड. कंबर मागे टाकत असेल, तर जॅब-क्रॉस. सरळ मागे जाळीकडे जात असेल, तर दुहेरी पट जाळीवरच संपवावा. कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकाने विश्रांतीच्या मिनिटात दोनपेक्षा जास्त सूचना देऊ नयेत, आणि त्या सरावात वापरलेल्याच शब्दांत द्याव्यात.

लढत जिंकली असो वा हरली असो, तिचे चित्रीकरण तीन-चार दिवसांनी प्रशिक्षकासोबत पाहावे आणि प्रत्येक सांध्याची नोंद वहीत करावी: पटात शिरताना हात कोठे होता, पकडीतून सुटताना कोणी मारले, खाली पडल्यावर तोंड कोणत्या बाजूला होते, उठायला किती सेकंद लागले. पुढच्या तीन महिन्यांतले सांध्यांचे दोन वर्ग त्याच नोंदींवरून आखावेत.